धोका कळणे आणि तो स्वतःचा वाटणे
धोका कळला की माणूस सिगारेट सोडतोच, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या टपरीवर पाळी सुटल्यावर उभे राहिल्यास कर्करोगाबद्दल कोणीही सांगेल, पण ‘मी दिवसाला दोनच ओढतो’ अशी पुस्ती लगेच जोडेल. शिवाय राज्यात २०२० पासून बंदी असलेली सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारा इशारा दिसतच नाही. वास्तविक दिवसाला एकच ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोकाही वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा भरतो. हे स्वतःला लागू आहे असे वाटले तर सोडण्याचा प्रयत्न होतो, तो टिकणे मात्र निकोटिनची सवय किती मुरली आहे यावर अधिक ठरते, आणि तिथे १८००-११-२३५६ हा मोफत समुपदेशनाचा क्रमांक (तोही पाकिटावरच छापलेला!) उपयोगी पडतो.