सिंगापूर-पेनांग: देवळांच्या छपरावरचं चिनीमातीच्या ठिकऱ्यांचं काम कुठे पाहावं?

मृण्मयी: डिसेंबरात आईबाबांना घेऊन सिंगापूर आणि मलेशियातल्या पेनांगला जातोय. तिथल्या चिनी देवळांच्या आढ्यावर रंगीत ठिकऱ्यांनी मढवलेले ड्रॅगन, फुलं, योद्धे असतात, ते मला नीट बघायचेत. वेळ थोडा आहे. प्रत्येक ठिकाणी एकच देऊळ जमणार असेल तर कुठलं? बाबांचे गुडघे दुखतात, फार पायऱ्या नकोत.

दर्यावर्दी: सिंगापुरात सगळे तिआन हॉक केंगला (1839-42) पाठवतील. देऊळ सुंदरच आहे, पण या कामासाठी फिलिप स्ट्रीटवरचं युए हाय चिंग गाठा. रॅफल्स प्लेस स्टेशनच्या जवळच आहे. देऊळ तिओच्यू लोकांचं. ते मूळचे दक्षिण चीनमधल्या चाओशानचे, आणि तिकडे ही कला पिढ्यानपिढ्या चालत आलीय. देऊळ बैठं असल्यामुळे अंगणातूनच छप्पर दिसतं. वर अख्खे प्रसंग रचलेत, इमारती आणि त्यांत नाटकातली पात्रं. 2014 मध्ये याच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा पुरस्कार मिळालाय.

शाडूमाती: +1. जाण्याआधी काम कसं होतं ते माहीत असू द्या, बघायला दुप्पट मजा येते. तैवान आणि चीनच्या फुजिआन प्रांताकडे याला जिआन-निआन म्हणतात. आधी तारेचा सांगाडा, त्यावर चुन्याचं लिंपण. मग खास यासाठी भाजलेले पातळ रंगीत वाडगे पकडीने कातरायचे आणि लिंपण ओलं असतानाच एकेक तुकडा खोचायचा. वाडग्याची मूळची गोलाई पाकळीला आणि खवल्याला आपसूक मिळते, मला तर यातलं हेच सगळ्यात हुशारीचं वाटतं. झिलईमुळे रंग ऊन-पाऊस-खारा वारा सगळं सोसतो.

आणि एक ओळखून ठेवा. हाताने कातरलेल्या तुकड्याची कड कच्ची असते, आतली पांढरी माती दिसते, आणि दोन पाकळ्या कधी तंतोतंत सारख्या नसतात. नव्या देवळांवर बरेचदा साच्यातून काढलेले तयार तुकडे लावतात. ते एकसारखे आणि कडेलाही झिलई असलेले. लांबून छान दिसतात, पण जीव त्यात नाही.

मृण्मयी: हे फार उपयोगी! पेनांगचं?

दर्यावर्दी: कू कोंग्सी, दुसरा विचारच नको. कू घराण्याचं कुलमंदिर, 1901 च्या आगीनंतर पुन्हा बांधून 1906 मध्ये पुरं केलेलं. तिकीट आहे. ओसरीवर जायला पायऱ्या आहेत, पण छप्पर समोरच्या फरसबंद चौकातूनच उत्तम दिसतं. बाबांना तिथे थांबू द्या, त्यांचं काही चुकणार नाही.

निलांबरी: पुढेमागे व्हिएतनामला गेलात तर हुए शहराबाहेर सम्राट खाई दिन्ह याची समाधी (1920-31) बघा. देऊळ नाही आणि पायऱ्या भरपूर, पण ठिकऱ्यांचं काम आतल्या भिंतींवर, थेट डोळ्यांसमोर. चिनीमातीबरोबर काचेचे तुकडेही आहेत. छपरावरचं बघून मान दुखते, तिथे नाक भिंतीला लावून बघता येतं (हात मात्र लावू नका).

मृण्मयी: हुए यादीत टाकलं. साध्या मोबाईलने भागेल का?

शाडूमाती: नाही भागणार. छोटी दुर्बीण न्या, आठपट पुरे. सूर्य देवळाच्या मागे असला की छपरावरचं सगळं काळं दिसतं, तेव्हा तुमच्या पाठीशी ऊन असेल अशी वेळ साधा.