मुलांच्या कार्यक्रमाचं ग्रँट प्रपोजल: प्रशासकीय खर्च 10% च्या आत कसा बसवायचा?

दिवेलागण
नमस्कार. 12 ते 17 वयोगटातल्या 60 मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका आणि समुपदेशन, असं एका वर्षाचं प्रपोजल आहे. 30-30 च्या दोन तुकड्या, प्रत्येक तुकडीची आठवड्याला दोन सत्रं, सत्र दोन तासांचं, वर्षात 40 आठवडे. प्रत्येक सत्राला तीन कार्यकर्ते. फंडरची अट अशी की प्रशासकीय खर्च 10% च्या वर नको. आधीचा अर्ज "खर्चाचा आधार स्पष्ट नाही" एवढ्याच शेऱ्यासह परत आला. त्यात मानधन, साहित्य, जागा आणि 'इतर' अशा चार ओळी होत्या. समन्वयक, हिशेब, ऑडिट यांचे पैसे कुठे दाखवायचे? आणि मुलांमधला बदल मोजायला कोणती प्रश्नावली घ्यावी?

हिशेबनीस
'इतर' ही ओळ आधी काढा. तपासणाऱ्याची शंका तिथूनच सुरू होते.

मग पैशांआधी तास मांडा. दोन तुकड्या, दोन सत्रं, 40 आठवडे म्हणजे 160 सत्रं, 320 तास. तीन कार्यकर्ते धरले की 960 तास, आणि बहुतेक अर्ज इथेच थांबतात. पण प्रत्येक सत्रामागे तयारी, हजेरी, नोंदी आणि पालकांना फोन यात माणशी एक तास तरी जातो: 480 तास. सुरुवातीचं प्रशिक्षण माणशी 16 तास: 48. दरमहा दोन तास देखरेखीची बैठक, दहा महिने: 60. एकूण 1548. म्हणजे 588 तास, लागणाऱ्या वेळेपैकी 38%, अर्जात नव्हतेच. ते तास कुणीतरी फुकट भरून काढतं, सहाव्या महिन्यात सोडून जातं आणि मुलांना नवा माणूस स्वीकारावा लागतो. फंडरला हा हिशेब असाच, ओळीने दाखवा. कशाला किती लागतं हे कळलं की आकड्यावर घासाघीस कमी होते.

समन्वयकाचा जेवढा वेळ याच कार्यक्रमाला जातो, तेवढा थेट खर्च आहे. तो प्रशासकीय खर्चात टाकू नका, मात्र टाइमशीट ठेवा. प्रशिक्षण, कार्यकर्त्यांच्या पार्श्वभूमीची पडताळणी, मुलांचा विमा, मूल्यमापन हेही थेट खर्चच. कार्यालयाचं भाडं, संस्थेचा हिशेब आणि वैधानिक ऑडिट हा सामायिक खर्च, तो संस्थेच्या सगळ्या प्रकल्पांत वाटून घ्यायचा. वाटणीचा आधार एकच ठेवा. संस्थेचे वर्षाचे एकूण कामाचे तास 7740 असतील, तर 1548 म्हणजे 20%. सामायिक खर्च 5,00,000 असेल तर या प्रकल्पाचा वाटा 1,00,000. हाच तुमचा प्रशासकीय खर्च.

आता खरी मेख: 10% कशाचे? थेट खर्च 9,00,000 असेल तर त्याचे 10% होतात 90,000. एकूण बजेटचे 10% धरले तर 1,00,000 बसतात, कारण एकूण 10,00,000 होतं. फंडरला हे लेखी विचारा. उत्तर पहिलं आलं तर उरलेले 10,000 कुठून येणार ते 'संस्थेचा वाटा' म्हणून उघड दाखवा, साहित्याच्या ओळीत लपवू नका. ऑडिटला वह्या आणि खडूंच्या बिलांचा ताळमेळ लागत नाही आणि सगळ्याच बजेटवरचा विश्वास जातो.

शिवाय 10% ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारी अनुदानांत, अप्रत्यक्ष, म्हणजे वर सांगितलेल्या सामायिक खर्चाचा स्वतःचा दर सरकारशी ठरवून न घेतलेल्या संस्थांना त्यासाठी पूर्वी 10% पर्यंत मिळत. 1 ऑक्टोबर 2024 पासून ती मर्यादा 15% झाली. आकडेवारी हातात असेल तर वाढवून मागायला संकोच करू नका.

पाठराखण
वरच्या हिशेबात बालसुरक्षेची स्वतंत्र ओळ करा. आजारपण आणि बदली धरून तीन कार्यकर्त्यांसाठी निदान पाच जणांची पडताळणी लागते. बदली माणूस ऐन वेळी पडताळणीशिवाय आत येतो, चूक नेमकी तिथेच होते.

अर्जाला जोडलेलं धोरण कुठूनतरी उतरवलेलं असेल तर लगेच कळतं: तक्रार कुणाकडे करायची तिथे पद लिहिलेलं असतं, पण त्या पदावर संस्थेत कुणीच नसतं. त्यापेक्षा दोन पानी, पण स्वतःचं लिहा. जबाबदार व्यक्ती कोण, तक्रार त्याच व्यक्तीविरुद्ध असेल तर कुणाकडे जायचं, नोंद किती तासांत करायची, मुलांना हे कुठे वाचायला मिळेल. समुपदेशनाची जागा बाहेरून दिसेल पण ऐकू येणार नाही अशी हवी. दाराला काच बसवायची असेल तर तिचा खर्चही याच ओळीत लिहा. संकोच वाटायचं कारण नाही.

फोटोची संमती आणि कार्यक्रमाची संमती एकाच सहीत घेऊ नका. फोटोला नकार दिला म्हणून मुलाचा प्रवेश अडला, असं होता कामा नये. फंडरच्या अहवालासाठी यशोगाथा लिहिताना नुसतं नाव बदलणं पुरत नाही. वय, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय एकत्र आले की आसपासच्या कुणालाही मूल ओळखता येतं.

आणि मुलांना विचारलंत का? संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतलं कलम 12 हेच सांगतं: मुलांशी संबंधित बाबींत त्यांना मत मांडू द्या आणि वयानुसार त्या मताला वजन द्या. प्रपोजलमध्ये त्यासाठी एक परिच्छेद पुरतो, पण तो खरा हवा. उदाहरणार्थ, अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून मुलींनी सत्र अर्धा तास आधी मागितलं आणि वेळ बदलली. असं एक वाक्य 'सहभागी पद्धतीने आखणी' या शब्दांपेक्षा मोलाचं.

मोजपट्टी
प्रश्नावलीबद्दल. एसडीक्यू, म्हणजे मुलांच्या भावना आणि वागण्यातल्या अडचणी व चांगल्या बाजू मोजणारी, रॉबर्ट गुडमन यांची 1997 मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली, तुमच्या वयोगटाला चालेल. 25 विधानं, पाचाचा एक असे पाच गट. 11 ते 17 वर्षांची मुलं स्वतः भरतात असा नमुना आहे. अडचणींची बेरीज 0 ते 40 मध्ये येते आणि ती 20 विधानांचीच असते. इतरांशी मिळून-मिसळून, मदतीने वागण्याचा पाचवा गट वेगळा मोजायचा. सगळं एकत्र बेरीज करून टाकणं ही नेहमीची चूक. घरच्या घरी भाषांतर करू नका, अधिकृत आवृत्तीच वापरा. पाठपुराव्याचा नमुनाही वेगळा आहे: पहिला गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारतो, पाठपुराव्याचा गेल्या एका महिन्याबद्दल.

पण अभ्यासिकेचा परिणाम या प्रश्नावलीत दिसेल असं कबूल करू नका. समुपदेशनाला आलेल्या मुलांपुरतीच ती ठेवा. अभ्यासिकेसाठी हजेरी आणि एक साधी वाचन किंवा गणित चाचणी पुरे.

'60 मुलांना लाभ' असं लिहिलंत तर 'लाभ' म्हणजे काय ते आधीच ठरवा. प्रत्येक मुलाला वर्षात 80 सत्रं मिळतात. नियमित म्हणजे 70% हजेरी धरली तर 56 सत्रं. वर्षअखेर 41 मुलं उरली, तर सुरुवातीच्या 60 जणांची सरासरी आणि शेवटच्या 41 जणांची सरासरी यांची तुलना करू नका. सर्वात अडचणीतली मुलं गळाली असतील तर कुणातही बदल न होता आकडा सुधारलेला दिसेल. त्याच 41 जणांची आधीची आणि नंतरची तुलना द्या. उरलेल्या 19 जणांनी का सोडलं ते वेगळं लिहा. कारणांसह लिहिलेली गळती समजूतदार फंडर वाचतो आणि पुढच्या वर्षी त्यावर पैसेही देतो.

दिवेलागण
खूप आभार, तास पुन्हा मांडायला घेतले आहेत. एक राहिलं: फंडर 40-40-20 अशा हप्त्यांत पैसे देतो, शेवटचे 20% अंतिम अहवालानंतर. त्याचं काय करावं?

हिशेबनीस
10,00,000 च्या बजेटमध्ये शेवटचे 2,00,000 तुम्ही आधी खर्च करणार आणि नंतर मिळवणार. मानधन दरमहा सारखं असतं, त्यामुळे शेवटचे दोन-अडीच महिने संस्थेच्या गंगाजळीवर काढावे लागतील. तेवढी रक्कम हाताशी नसेल तर करार होण्याआधीच 40-50-10 मागा. सही झाल्यावर हे कुणी बदलत नाही. दुसरा हप्ता अंतरिम अहवालावर अडकत असेल, तर 'अहवाल मिळाल्यापासून 30 दिवसांत' असं करारात घालून घ्या. एका ओळीतले पैसे दुसरीकडे वळवायला किती टक्क्यांपर्यंत परवानगी लागत नाही, तेही त्याच बैठकीत विचारा. आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्प, बजेटची ओळ आणि वाट्याची टक्केवारी लिहा. एकच भाड्याचं बिल दोन फंडरांना पूर्ण दाखवलं गेलं, तर पैसे परत करावे लागतात.