अनुभव धागा : डूमच्या गड्याच्या हातात ढाल पाहून काय वाटलं?

मंडळी, डूम म्हणजे राक्षसांना मारत सुटायचा जुना व्हिडिओ गेम, आणि गडी म्हणजे त्याचा नायक. २३ जानेवारी २०२५ च्या रात्री तो बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने नव्या व्हिडिओत पुढच्या भागाची, 'डूम : द डार्क एजेस'ची, तारीख सांगून टाकली, १५ मे २०२५. पहिली झलक ९ जून २०२४ ला आली होती. दोन्ही वेळा आमच्या गटात वाद पेटला तो ढालीवरून. ज्याने आजवर कधी आडोसा घेतला नाही, त्याला ढाल कशाला? तुमचा अनुभव लिहा. नुसतं 'भारी' किंवा 'बंडल' नको. आधी सांगा, पहिला डूम कुठल्या मशीनवर खेळलात. ज्याचा पहिला डूम जसा, तसं त्याचं आजचं मत, असा माझा अंदाज आहे.

सुरुवात मी करतो. ९ जूनला घरात भारत-पाकिस्तान सामना लागला होता, न्यूयॉर्कचा. आपल्या विकेटी पडत होत्या आणि बाबा टीव्हीसमोरून हलायला तयार नव्हते. मी शेजारीच कानात इअरफोन घालून फोनवर ट्रेलर बघत होतो. ढालीच्या कडेला करवतीचे दात! फेकली की समोरच्या राक्षसात रुतून फिरत राहते. मी ओरडलो, बाबांना वाटलं चौकार गेला. अडवायची वस्तूसुद्धा कापायला वापरायची, हा विचार मला शंभर टक्के डूमचा वाटला.

*

सांगली. १९९५, काकांच्या ऑफिसातला ३८६ जातीचा जुना कॉम्प्युटर, रॅम ४ एमबी. खेळ दोन फ्लॉप्यांवर आला. पहिला भाग फुकट, नऊ लेव्हल. इडनेच तो तसा सोडला होता : हा मित्रांत वाटा, आवडला तर पुढचे दोन भाग विकत घ्या. आम्ही तो एकच भाग दोन वर्षं खेळलो. मशीनला झेपायचं नाही, म्हणून वजाबाकीची कळ दाबत दाबत चित्र लहान करायचं. शेवटी पोस्टाच्या तिकिटाएवढी खिडकी उरायची, तेव्हा कुठे खेळ पळायचा. त्या तिकिटात मी आगीचे गोळे चुकवायला शिकलो. गोळे सावकाश यायचे. ऑल्ट धरून डावीकडे सरकायचं, उजवीकडे सरकायचं, दोन गोळ्यांच्या मधून निसटायचं. उडी नव्हतीच त्या खेळात.

आणि जानेवारीच्या व्हिडिओत काय दिसलं? हवेत गोळ्यांच्या रांगा, मधून वाट काढणारा गडी, आणि हिरवा गोळा आला की ढालीने उलटा मारायचा. तीस वर्षांनी कुणीतरी माझ्या तिकिटाची खिडकी मोठी करून दाखवली. 'हा डूम संथ झाला' म्हणणाऱ्यांनी १९९३ चा एकदा खेळून बघावा, मनापासून सांगतोय.

*

छत्रपती संभाजीनगर. सांगलीकरदादा, आदर ठेवून असहमत. माझा पहिला डूम म्हणजे 'डूम इटर्नल', २० मार्च २०२० चा. पाच दिवसांत लॉकडाऊन लागलं आणि दोन महिने मी तोच खेळलो. दुहेरी उडी, हवेत दोनदा झेप, शॉटगनच्या आकड्याने राक्षसाला धरून त्याच्याकडे खेचलं जायचं. पाय जमिनीला लागला की मेलो, इतकं ते बोटांत बसलंय. दिग्दर्शक ह्यूगो मार्टिन सांगतात की तेव्हा गडी लढाऊ विमान होता, आता रणगाडा आहे. मला विमानच हवं होतं. खेळणार आहेच, पण पहिली झलक पाहिली त्या रात्री काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटलं.

*

डॅलस, मूळची डोंबिवलीची. इडचं ऑफिस इथे जवळच, रिचर्डसनला. ऑगस्ट २०२४ मध्ये ग्रेपव्हाइनला क्वेककॉन, म्हणजे इडच्या खेळांचा मेळा, होतं, तिथे आपापला कॉम्प्युटर उचलून न्यायचा आणि एका मोठ्या हॉलमध्ये रांगेत बसून खेळायचं. मी माझा कॅबिनेट गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून नेला. त्याच दिवशी जुन्या डूम आणि डूम २ ची नवी आवृत्ती आली, आणि शेजारच्या अनोळखी मुलाबरोबर मी पहाटेपर्यंत खेळले. म्हणून नव्या खेळात मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांबरोबर खेळायची सोय, अजिबात नाही हे कळलं तेव्हा मला ढालीपेक्षा ते जास्त लागलं.

*

कोल्हापूर. ड्रॅगन, डोंगराएवढा यंत्रमानव, सगळं ठीक. मी व्हिडिओ थांबवून परत पाहिला तो सेटिंगच्या एका पडद्यासाठी. उजव्या मनगटाचं ऑपरेशन झाल्यापासून मला झटपट कळा दाबता येत नाहीत, 'इटर्नल' अर्ध्यावर सोडावा लागला. इथे खेळाचा वेग आणि ढाल उचलायला मिळणारा अवधी आपल्या सोयीने कमीजास्त करता येणार आहे. 'सोपं' निवडायचं म्हणजे राक्षस मवाळ होणार, तसं नाही. राक्षस तेच, फक्त माझ्या हाताला वेळ जास्त. चार वर्षांनी मी कंट्रोलर कपाटातून काढला आणि सेल बदलले.

*

पुणे. संगीताला आधीच्या डूमचे संगीतकार मिक गॉर्डन नाहीत, फिनिशिंग मूव्ह ही संगीतकार मंडळी आहेत. २०१६ च्या डूममधले ते गिटार अजून माझ्या जिमच्या यादीत आहेत. ट्रेलरमध्ये ढोल-ताशाच्या पथकात उभं राहिल्यासारखं छातीत वाजलं, म्हणून आशा आहे.

*

मिरज. माझा पहिला डूम म्हणजे 'डूम ३', २००४ चा, सायबर कॅफेत. टॉर्च धरला तर बंदूक नाही, बंदूक धरली तर अंधार. ढाल मला पहिल्या क्षणी आवडली. पण या नव्या खेळाला रे ट्रेसिंगचं, म्हणजे उजेड-सावल्यांचा खरा हिशोब करणारं, ग्राफिक्स कार्डच लागतं, कमीत कमी आरटीएक्स २०६० सुपर. माझ्याकडे जीटीएक्स १६६० सुपर आहे, २०२२ मध्ये जुनं घेतलेलं, त्यात ती सोय नाही. सेटिंग कितीही खाली आणली तरी खेळ सुरूच होणार नाही. सांगलीकरदादा, तुमची वजाबाकीची कळ इथे चालत नाही हो.

*

सांगली, पुन्हा मीच. मिरज काय लांब आहे? १५ मेला गुरुवार येतो. शनिवारी सकाळी या, माझ्याकडे आरटीएक्स ३०६० कार्ड आहे. पहिली लेव्हल तुम्ही खेळा, मी शेजारी बसतो. काकांनाही बोलावलंय.