महायुद्धात खोट्या नावावर तगलेले ज्यू: श्रेय शाई पुसणाऱ्याचं की नोंदवहीचं?

दप्तरदार
हा विषय निघाला की खोटी ओळखपत्रं बनवणारा पॅरिसचा अडॉल्फो कामिन्स्की येतोच. पोरसवदा वय, हात अफाट, वादच नाही. पण नुसतं हुबेहूब कार्ड पुरत नव्हतं. नाक्यावरचा पोलिस कार्ड बघून सोडेल. संशय आला तर जन्मगावच्या नगरपालिकेत विचारणा जाणार, आणि तिथे नाव नसलं की संपलं. म्हणून जन्मगाव फार विचाराने निवडत. बाँबफेकीत दप्तर जळालेलं गाव उत्तम. नोव्हेंबर 1942 मध्ये दोस्तांच्या फौजा अल्जीरियात उतरल्यावर तिथलं कुठलंही शहर चालायचं, कारण फ्रान्समधून खातरजमा करायची सोयच उरली नाही. त्याहून पक्कं कार्ड म्हणजे पालिकेतल्याच कारकुनाने खऱ्या माणसाच्या नोंदीवरून दिलेलं. कागद अस्सल, धारक तेवढा दुसरा.

निळी शाई
असे कारकून होते किती? आणि ते भेटेपर्यंत लोकांनी काय करायचं? 11 डिसेंबर 1942 च्या कायद्याने दक्षिण फ्रान्सातही ओळखपत्रावर आणि रेशन कार्डावर 'ज्यू' हा शिक्का सक्तीचा झाला. कामिन्स्कीच्या पॅरिसमधल्या गटाची अडचण साधी होती: वॉटरमनची निळी शाई निघता निघेना. कामिन्स्कीने लॅक्टिक आम्ल सुचवलं, कारण त्या शाईतल्या मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचा रंग त्या आम्लाने उडताना त्याने डेअरीत पाहिला होता. तरी रंग गेला म्हणजे काम झालं असं नाही. ओलाव्याने कागदाची खळ जाते, त्यावर पुन्हा लिहिलं की शाई फुटते, आणि बोट फिरवलं तर तेवढीच जागा खरखरीत लागते. त्याच्याच सांगण्यानुसार एकदा 300 मुलांसाठी 900 कागद 3 दिवसांत हवे होते. कुठला कारकून एवढे देणार?

दप्तरदार
हॉलंडकडे बघा. याकोब लेंट्झ या अधिकाऱ्याने 1941 मध्ये आणलेलं ओळखपत्र म्हणजे जलचिन्हाचा कागद, फोटो, बोटाचा ठसा, खास शाई. आणि जोडपत्र हेगच्या मध्यवर्ती दप्तरात. बाहेर कितीही सुबक नक्कल करा, आत जोडी जुळत नाही. शिल्पकार गेरिट व्हान डर वेनचा गट स्वतः कार्डं बनवायचा, तरी 27 मार्च 1943 च्या रात्री पोलिसांच्या गणवेशात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरलाच. पहारेकऱ्यांना झोपेचं इंजेक्शन, मग आग. घट्ट रचलेली कार्डं पेटत नाहीत, म्हणून खण उपसून जमिनीवर ढीग केले. अग्निशमनवाले मुद्दाम उशिरा आले आणि गरजेपेक्षा जास्त पाणी मारत बसले. एवढं करूनही बहुतेक नोंदी वाचल्या. 11 एप्रिल 1944 ला ब्रिटिश विमानांनी हेगच्या क्लाइनकाम्प इमारतीतलं, चुकलो, क्लाइकाम्पमधलं दप्तर उडवलं, तोवर बहुतेक ज्यूंना गाड्यांत भरून छावण्यांकडे नेलं होतं.

निळी शाई
हे तर माझ्याच पथ्यावर पडलं! नक्कल अवघड झाली की माणसं मरतात. हॉलंडचे साधारण तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले, फ्रान्सचे एक चतुर्थांश.

वॉर्साकर
एवढा मोठा फरक एका कार्डावर टांगू नका. लपायला जागा, राजवट, भूगोल, बरंच काही त्यात आहे.

आणि दोघेही कागदावरच अडकलात. पोलंडमध्ये पाद्री मेलेल्या माणसाचा बाप्तिस्म्याचा दाखला द्यायचे, तो दाखवून पोलिश लोकांचं करडं केनकार्ट, म्हणजे ओळखपत्र, सरकारी कचेरीतूनच काढता यायचं. कागदही खरा, नोंदही खरी. तरी पकडले जात. बोलण्यातला यिद्दिश, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या भाषेचा, हेल, चर्चमध्ये गुडघा टेकायची वेळ चुकणं, स्वतःच्या नावाच्या संताचा दिवस न आठवणं. हो, तिथे वाढदिवसापेक्षा तो दिवस मोठा. पुरुषांचं तर विचारूच नका: श्माल्त्सोव्हनिक, म्हणजे पैसे उकळणारे, त्यांना दारामागे ओढून विजार उतरवायला लावत. सुंता कुठल्या शाईने पुसणार?

दप्तरदार
मान्य. म्हणूनच शक्य तिथे जुनी आद्याक्षरं ठेवत. रुमालावर जुनी अक्षरं शिवलेली असली तरी नव्या नावाशी जुळत, आणि सही करताना हात अडखळत नसे.