अपेक्षित संबंध आढळला नाही, तर संशोधन पोस्टर स्पर्धेत उतरावे का?

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थिनी, कान-नाक-घसा, सोलापूर)

शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग कारखान्यांत जाऊन आम्ही कामगारांची ऑडिओमेट्री (यंत्राने श्रवणचाचणी) केली. मागावर जितकी वर्षे अधिक, तितकी श्रवणहानी अधिक, असा संबंध दिसतो का, एवढाच माझा प्रश्न होता. तो संबंध सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही. आता पोस्टर स्पर्धा जवळ आली आहे आणि एका ज्येष्ठांनी सुचवले आहे की वय, कामाची पाळी, तंबाखू, मागाचा प्रकार असे गट पाडून पाहावे, कुठेतरी ‘पी’चे मूल्य (प्रत्यक्षात संबंध नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.05 च्या खाली येईलच आणि तेवढेच पोस्टरवर घ्यावे. हे मनाला पटत नाही. परंतु ‘संबंध आढळला नाही’ असे पोस्टर घेऊन परीक्षकांसमोर उभे राहण्याचे धैर्यही होत नाही. परीक्षक नेमके काय पाहतात?

उत्तर 1 (कम्युनिटी मेडिसिनचे निवृत्त प्राध्यापक, अनेक स्पर्धांचे परीक्षक)

तो सल्ला मानू नका. प्रत्यक्षात कुठेच फरक नसताना एकमेकींपासून स्वतंत्र अशा 20 तुलना केल्या, तर निदान एक निष्कर्ष केवळ योगायोगाने 0.05 च्या खाली येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. म्हणून हे गट माहिती गोळा करण्यापूर्वीच ठरले होते का, एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या आराखड्यात ते आहेत का, हा प्रश्न मी प्रत्येक पोस्टरपाशी विचारतो, आणि तिथे अडखळलेला विद्यार्थी पुढे कितीही चांगले बोलला तरी त्याला वरचे गुण देणे मला जमत नाही.

तुमच्या पोस्टरपाशी मात्र मी अधिक वेळ थांबेन, कारण संबंध का दिसला नाही हा प्रश्नच मला मोलाचा वाटतो. ज्यांचे कान फार बिघडले ते माग सोडून दुसऱ्या कामाला लागले असतील, तर 25 वर्षे मागावर टिकलेले कामगार हे मुळातच गाळून उरलेले असतात. साथरोगशास्त्रात याला ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणतात, आणि कारखान्यात जाऊन केवळ हजर असलेल्यांना तपासणाऱ्या कोणत्याही पाहणीला तो चुकत नाही. दुसरे असे की, मोठ्या आवाजातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाची श्रवणक्षमता काही तासांसाठी तात्पुरती घटते. त्यामुळे ऑडिओमेट्रीपूर्वी साधारण 14 तास गोंगाटापासून दूर राहण्याचा दंडक आहे. तुम्ही पाळी संपताच तपासणी केली असेल, तर नव्या कामगाराचा आलेखही खालावलेला दिसेल आणि नव्या-जुन्यांतील खरा फरक पुसला जाईल. तपासणीची वेळ नोंदवली आहे का?

उत्तर 2 (जैवसांख्यिकीचे अध्यापक)

सरांच्या म्हणण्यात एवढीच भर घालतो की टक्केवारीशेजारी मूळ संख्या अवश्य लिहा. 7 पैकी 1 म्हणजे 14 टक्के आणि 700 पैकी 98 म्हणजेही 14 टक्केच. परंतु पहिल्याची 95 टक्के विश्वासमर्यादा (खरी टक्केवारी ज्या पट्ट्यात असण्याचा अंदाज असतो तो) 1 टक्क्याहून कमीपासून जवळजवळ 58 टक्क्यांपर्यंत पसरते आणि दुसऱ्याची सुमारे 11 ते 17 टक्क्यांत मावते. ‘संबंध नाही’ आणि ‘संबंध आहे की नाही हे सांगण्याइतका नमुना मोठा नव्हता’ ही दोन वेगळी विधाने आहेत. त्यांतले तुमचे कोणते, हे विश्वासमर्यादा पाहूनच ठरेल.

उत्तर 3 (निवासी डॉक्टर, पूर्वी अशा स्पर्धेत सहभागी)

मॅडम, माझ्या पोस्टरवर इतका मजकूर होता की परीक्षक दोन पावले मागे सरले आणि तिथून त्यांना काहीच वाचता आले नाही. तक्ते कमी करून नव्या आणि जुन्या कामगारांचे सरासरी ऑडिओग्राम (कोणत्या स्वराला किती ऐकू येते हे दाखवणाऱ्या रेषा) एकाच आलेखात मोठे काढा. आवाजामुळे झालेल्या हानीत 4000 हर्ट्झपाशी पडणारी खाच परीक्षक लांबूनही ओळखतात. आणखी एक गोष्ट विचारली जाण्याची शक्यता आहे. पूर्व भागात अनेकांची घरची भाषा तेलुगू आहे, तेव्हा संमतीपत्र त्यांना समजेल अशा भाषेत होते का? असल्यास तसे एका ओळीत लिहा. कामगारांची छायाचित्रे लावणार असाल, तर त्यासाठी वेगळी संमती हवी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संमतीपत्र मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत होते. सर, तुमचे उत्तर वाचून रजिस्टर काढून पाहिले. तपासणीची वेळ प्रत्येक नावापुढे लिहिलेली आहे आणि बरेच कामगार पाळी संपल्यावर थेट आमच्याकडे आले होते. कामावर येण्यापूर्वी तपासलेल्यांचा आलेख आता स्वतंत्र काढणार आहे, मात्र हे विश्लेषण आधी ठरलेले नव्हते, असे त्याच आलेखाखाली ठळक अक्षरांत लिहीन. मुख्य निष्कर्ष आहे तसाच, मूळ संख्या आणि विश्वासमर्यादेसह, पोस्टरच्या मध्यभागी राहील. सोमवारी गाइडना दाखवते.