दिवसभराची वाचन मॅरेथॉन पोरांसोबत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, १५ ऑक्टोबरला कलाम सरांची जयंती म्हणजे वाचन प्रेरणा दिन, तर त्याच्या आसपासच्या रविवारी आम्ही घरीच सकाळी ८ ते रात्री ८ वाचन मॅरेथॉन करायची असं ठरवलंय, मी, थोरली ११ वर्षांची आणि बारकं ६ वर्षांचं. मागच्या वर्षी एकदा ट्राय केलेलं, पण दहा वाजताच बारकं "मम्मी भडंग दे" म्हणून जे उठलं ते परत बसलंच नाही, आणि थोरली पुस्तकात मोबाईल ठेवून बसलेली (हे मला संध्याकाळी कळलं!).

आता प्रश्न असा की जोडाक्षरं अडखळत वाचणाऱ्या पोराला एका वेळी किती मिनिटं बसवायचं? मी १५ मिनिटं त्याचं आणि मग मी मोठ्यानं वाचून दाखवणार असं धरलंय, पण मी वाचलेलं त्याच्या हिशोबात धरायचं का, यावरनं थोरलीचं आत्ताच भांडण सुरू आहे. माझ्या मते धरावं, ऐकणं पण वाचनच की ओ.

पुस्तकांचं म्हणाल तर बालभारतीच्या वेबसाईटवर 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक फुकट आहेत पण स्क्रीन नकोय त्या दिवशी. १८५० पासूनचं आपलं कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर आहेच, तिथं मुलांसाठी मेंबरशिप कुणी काढलीय का, एका वेळी किती पुस्तकं देतात? आणि दुपारी जेवल्यावर झोप येते त्याला काय करता? रंकाळ्यावर चटई टाकून वाचायचं डोक्यात आहे, पण तिथं गेल्यावर पुस्तक बाजूला आणि भेळ पुढं असं होईल वाटतंय.