रिपोर्ट नॉर्मल आले, मग त्रास कसला? डिप्रेशन, अँग्झायटी आणि आपलं शरीर

कोरांटी
उदास वाटणं, रडू येणं, कशातच रस नसणं हे आता बऱ्याच जणांना माहिती असतं. मला जरा वेगळं विचारायचंय. हे मनाचं दुखणं आहे असं कळायच्या आधी तुमच्या शरीराने काय काय करून दाखवलं ते लिहा. कारण आपल्याकडे माणूस आधी फॅमिली डॉक्टर, मग हाडांचा, मग पोटाचा, मग कुणीतरी सांगितलेला वैद्य अशी वारी करतो आणि मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, लागला तर.

माझंच सांगते. सकाळी उठलं की जबडा आणि कानशिलं ठणकायची. अक्कलदाढ असेल म्हणून डेंटिस्टकडे गेले तर त्यांनी आरसा हातात दिला आणि दाढा दाखवल्या, वरचे उंचवटे झिजून सपाट झालेले. म्हणाले रात्रभर दात खाताय, रात्री दातांवर घालायचा नाइट गार्ड करून देतो पण झोप कशी आहे ते सांगा. झोप लागायची पटकन, पण पहाटे साडेतीनला खाडकन डोळे उघडायचे आणि मग नुसतं छताकडे बघत पडायचं. सकाळ सगळ्यात वाईट, संध्याकाळी जरा माणसात यायचे. अशी पहाटे जाग येणं, सकाळी जास्त जड वाटणं ही डिप्रेशनची ठरलेली लक्षणं आहेत हे नंतर कळलं. घरचे मात्र म्हणायचे, संध्याकाळी तर चांगली हसतबोलत असतेस की!

लोकलकर
माझं थेट दादर स्टेशनवर झालं. ठाण्याहून फास्ट पकडली, घाटकोपर गेलं आणि छातीत अशी धडधड की शर्टावरून दिसत असेल असं वाटलं, घाम, श्वास पुरेना म्हणून मी अजून जोरजोरात श्वास घेतोय, ओठ बधिर आणि हाताची बोटं आपोआप ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात, उघडता उघडेना. हार्ट अटॅक आणि लकवा दोन्ही एकदम आलं असंच धरून चाललो होतो. लोकांनी उतरवलं, हॉस्पिटलात नेलं. ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन (हार्ट अटॅकची रक्ततपासणी) नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल.

डॉक्टर बाईंनी नीट समजावलं. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो, त्याने मुंग्या येतात, बोटं वळतात, चक्कर येते. म्हणजे हवा कमी पडत नव्हती, मी जास्त घेत होतो. हा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळलेली तीव्र भीती, साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतो. पण खरा त्रास त्यानंतर. परत येईल या भीतीने मी फास्ट सोडून स्लो पकडायला लागलो, का तर प्रत्येक स्टेशनला उतरता येईल. मग तीही सुटली. शेवटी थेरपिस्टने काय केलं असेल, तर केबिनमध्ये मला जागेवर पळायला लावलं, मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावला, तीच धडधड, त्याच मुंग्या, आणि ती समोर शांतपणे घड्याळ बघत बसलेली. भीती तिथे मोडायला लागली.

एक मात्र, छातीत दुखलं तर आधी हॉस्पिटल गाठा. हे वाचून पॅनिकच असेल म्हणत घरी बसू नका.

पेठेतला भावी साहेब
दुःखद पण विनोदी. एमपीएससीच्या काळात रूमपासून अभ्यासिकेपर्यंत कुठे कुठे टॉयलेट आहे हे मला तोंडपाठ होतं, सदाशिव पेठेचा नकाशा त्याच हिशोबाने डोक्यात. निकालाची बातमी आली की पोटात मुरडा. कोलोनोस्कोपीपर्यंत सगळं झालं, आयबीएस निघालं, म्हणजे तपासणीत आतडं ठीक, पण त्याचं काम बिघडलेलं. आतड्यात नसांचं स्वतःचं मोठं जाळं असतं आणि शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन तिथेच असतं हे कळल्यावर 'पोटात गोळा आला' म्हणतात ते उगाच नाही हे पटलं.

सासूबाईंची सून
आमच्या आई, वय ६८. मामंजी गेल्यानंतर काही महिन्यांनी विसरायला लागल्या. बोलणं इतकं हळू की आपण विचारावं आणि उत्तर येईपर्यंत आपण दुसऱ्या कामाला लागलेलो. कुकरची शिट्टी झाली की दचकायच्या. आंघोळीला गेल्या की पाण्याचा मग हातात घेऊन तशाच बसलेल्या, पाणी गार. आम्ही स्मृतिभ्रंश धरूनच बसलो होतो आणि नातेवाइकांचं तर 'बाहेरचं बघून घ्या' सुरू झालं होतं.

डॉक्टरांनी थायरॉईड आणि बी-१२ आधी तपासलं, कारण ते कमी असलं तरी असंच दिसू शकतं. मग ते आईंना प्रश्न विचारत असताना मी शेजारीच होते. वार कोणता? 'नाही हो आठवत.' काल काय जेवलात? 'काही लक्षात राहत नाही माझ्या, मला नका विचारू.' डॉक्टर नंतर म्हणाले, स्मृतिभ्रंशाचा पेशंट बऱ्याचदा चुकीचं उत्तर ठोकून देतो, झाकून नेतो. नैराश्यातला माणूस प्रयत्नच करत नाही, आधीच हात टेकतो. तेवढ्यावरून निदान होत नाही पण दिशा मिळते. औषधं सुरू झाली आणि दोनेक महिन्यांत आईंनी आमटीत मीठ जास्त आहे असं मला सुनावलं. इतका आनंद मला आयुष्यात कुणी नाव ठेवल्यावर झाला नव्हता.

यवतमाळी
आमच्या बाबांची कंबर दुखायची. गावातला डॉक्टर सलाईन लावून द्यायचा, दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. जेवण कमी, वावरात जाणं बंद, कोणी आलं की तोंड फिरवून पडून राहायचे. 'मन कसं आहे' असं बाबांना कोणी विचारलं तर ते उत्तरच देत नाहीत, कंबर कशी आहे विचारलं की बोलतात. आशाताई घरी आली होती, तिच्याकडे नऊ प्रश्नांचा फॉर्म होता, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, जगून काय फायदा असं वाटते का. शेवटच्या प्रश्नाला बाबा गप्प झाले आणि आई रडायला लागली. दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. कंबर अजून दुखते म्हणतात, पण वावरात जातात.

निवांत
सगळं वाचलं. पण गोळ्यांपेक्षा सकाळी फिरायला जा, प्राणायाम करा, सात्त्विक खा, हे सगळं आपोआप जातं. माझं गेलं.

आधी वाचा मग बोला
निवांत, तुमचं गेलं याचा आनंद आहे. व्यायामाचा उपयोग होतो, सौम्य त्रासात तर खूपच. पण ज्याला पांघरूण बाजूला करून पाय खाली टाकायला तास लागतो त्याला फिरायला जा सांगणं म्हणजे चेष्टा आहे.

गोळ्यांबद्दल लिहिते कारण ते कोणी धड सांगत नाही. मला एसिटालोप्रॅम ही डिप्रेशन-अँग्झायटीची गोळी दिली होती. पहिले काही दिवस मळमळ, जांभया आणि उलट जास्तच कासावीस, म्हणून पुष्कळ जण तिथेच सोडतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. शरीरसंबंधाची इच्छा कमी होऊ शकते, लाजू नका, डॉक्टरला सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायची नाही. माझ्या मैत्रिणीने केली तर मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. या गोळ्यांची चटक लागत नाही पण हळूहळू उतरवाव्या लागतात. झोपेच्या, अल्प्राझोलाम वगैरे गोळ्यांचं वेगळं आहे, त्यांची सवय लागते, मेडिकलवाल्याशी ओळख आहे म्हणून आणून खाऊ नका.

स्टॉकहोमची मंजी
माझं सगळं उलटं. झोप उडाली नाही, दहा-अकरा तास झोपूनही डोळे मिटतायत, आणि सतत भात, ब्रेड, गोड. डिसेंबरात इथे पावणेनऊला उजाडतं आणि दुपारी तीनच्या आत अंधार. पहिल्या वर्षी वाटलं घरची आठवण येतेय, दुसऱ्या हिवाळ्यातही तेच, एप्रिलमध्ये आपोआप गायब. इथल्या डॉक्टरने हे हिवाळ्यातलं डिप्रेशन आहे म्हणत १०,००० लक्सचा, म्हणजे खूप प्रखर उजेडाचा दिवा सांगितला, सकाळी अर्धा तास त्याच्यापुढे बसून चहा पिते. पण बायपोलर (कधी नैराश्य, कधी अति उत्साह असा आजार) असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नये.

लोकलकर
मेडिक्लेममध्ये हे बसतं का? एजंट नाही म्हणतोय.

आधी वाचा मग बोला
२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट आहे, इतर आजारांसारखंच मानसिक आजारालाही विमा द्यायचा. कलम २१ दाखवा त्याला. पण बहुतेक पॉलिसीत ओपीडीचा खर्च मुळातच नसतो, ॲडमिट झालं तरच मिळतो, तेव्हा पॉलिसी वाचून बघा. परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी आहेच. आणि कोणाला आत्ता, रात्री बोलावंसं वाटत असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीत बोलतात.